ऊसतोडीच्या टोळीतलं पोर नेमकं कुणाच्या पटावर?

खडूफळा | ९ डिसेंबर, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे. आज लिहायला बसलोय, कारण एक गोष्ट डोक्यातून जात नाही आणि शाळेत बोलायला कुणी नाही. आमची द्विशिक्षकी शाळा, दुसऱ्या बाई मतदारयादीच्या कामावर.

गाव कृष्णाकाठचं, सांगली जिल्ह्यातलं. दिवाळी झाली की माळावर कोप्या, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या झोपड्या, उभ्या राहतात. बीड, जालना, परभणीकडच्या टोळ्या. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे चारला फडात, पोरं कोपीवर. दरवर्षी आम्ही शाळाबाह्य मुलं शोधायला माळावर जातो. यंदा नऊ वर्षांची एक मुलगी भेटली. तिला इथं सुरेखा म्हणू. गावाकडं तिसरीत आहे. शिक्षण हमी पत्रक (दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून मूळ शाळा देते ते) तिच्याजवळ होतं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेलं. म्हणजे तिकडच्या गुरुजींनी त्यांचं काम चोख केलं होतं. मी म्हणालो, उद्यापासून ये. हो म्हणाली. आली नाही. तिसऱ्या दिवशी परत गेलो तर कडेवर दोन वर्षांचा भाऊ. "ह्याला कुठं ठिवू गुरुजी?"

आमची अंगणवाडी शाळेच्याच आवारात आहे, मधे एक लिंबाचं झाड. सेविकाताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, तीन वर्षांखालचं मूल वर्गात बसवायचं नसतं, त्याला घरी न्यायचा आहार असतो. तोही ज्याचं नाव त्याला, आणि नाव बीडकडच्या गावात. शिवाय अंगणवाडी दुपारी सुटते, शाळा पाचला. मधल्या वेळेचं काय? आशाताई म्हणाल्या, राहिलेल्या लसी देऊ की, पण कार्ड कुठाय? कार्ड गावाकडच्या पेटीत. ताईंनी पोराच्या दंडाला मोजपट्टी लावली तर घेर ११.८ सेंटिमीटर आला. पिवळ्यात, म्हणजे मध्यम कुपोषणात. नोंद कुठं करायची यावर दोघींची चर्चा झाली.

मी बोटं मोजली. ही दोन भावंडं महिला व बालविकासाकडं येतात, आरोग्य खात्याकडं येतात, शालेय शिक्षणाकडं येतात, ग्रामपंचायत आहे, आणि आई-बापांसाठी ऊसतोड कामगारांचं महामंडळ आहे. कुणीही वाईट वागलं नाही. सगळे नियमाने वागले. सुरेखा अजून कोपीवरच आहे.

प्रश्न एवढाच, की हे सगळं एकत्र जुळलेलं तुम्ही कुठं पाहिलंय का? परिपत्रकं माझ्याकडं कपाटभर आहेत. डोळ्यांनी पाहिलेलं सांगा.

---

रानमोगरी | ९ डिसेंबर, रात्री १०.३१

वाचतेय. काळजात हललं. बाकीच्यांचं वाचून लिहीन.

---

अतिशहाणा | ९ डिसेंबर, रात्री ११.०४

उत्तर सोपं आहे आणि २० वर्षांपूर्वीच व्हायला हवं होतं. प्रत्येक मुलाला एक क्रमांक, सगळ्या खात्यांचा एकच डेटाबेस, एक ॲप. पोरगं जिथं जाईल तिथं क्रमांक टाकला की लसी, वजन, इयत्ता सगळं समोर. मी याच क्षेत्रात आहे, सहा महिन्यांचं काम आहे फार तर.

---

लिंबोणी | १० डिसेंबर, सकाळी ७.१२

मी अंगणवाडी पर्यवेक्षिका, त्यामुळे गप्प बसवत नाही.

आधी सर तुम्हाला. लेख आवडला, पण "अंगणवाडी दुपारी सुटते" हे वाक्य टोचलं. पोरं सुटतात, सेविका नाही. त्यानंतर गृहभेटी, रजिस्टरं, फोनवरची माहिती, गरोदर बायकांच्या बैठका. आणि हे सगळं मानधनावर. पगार म्हणायचीही सोय नाही. २०२३ च्या डिसेंबरात आमच्या बायका संपावर बसल्या तेव्हा सेविकेला दहा हजार आणि मदतनीसताईला साडेपाच हजार मिळत होते. त्यात पाचपर्यंत पोरं सांभाळा म्हणायला मला तोंड नाही.

दुसरं. आमच्या योजनेचं नावच "एकात्मिक". २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ ठिकाणी सुरू झाली, आपल्याकडं मेळघाटात धारणीला आणि मुंबईत धारावीला. सहा सेवा एका छताखाली. पण त्या सहापैकी लसीकरण, आरोग्य तपासणी आणि संदर्भ सेवा (मोठ्या दवाखान्यात पाठवणं) या तिन्ही आरोग्य खात्याच्या हातात. म्हणजे छप्पर आमचं, निम्मे वासे दुसऱ्याचे. सिस्टर आल्या तर आमची सेवा झाली, नाही आल्या तर आमच्या रजिस्टरला कोरा रकाना आणि बोलणी आम्हाला. ५० वर्षं हेच चाललंय.

तिसरं, स्थलांतरित पोराला आहार देऊ नका असा नियम नाही. द्या असाच आहे. अडचण अशी की पाकिटं पटाच्या हिशोबाने येतात. टोळी आली म्हणून पट वाढवला तर वाढीव पाकिटं येईपर्यंत टोळी दुसऱ्या फडावर गेलेली असते. शिवाय आता घरपोच आहार देताना आईचा चेहरा फोनमध्ये जुळावा लागतो. ती माउली पहाटे चारला फडात. जुळवू कधी? अंधारात बॅटरी मारून?

---

लिंबोणी | १० डिसेंबर, सकाळी ७.२०

@अतिशहाणा, तुमचं राहिलंच. २०२१ मध्ये राज्यभर सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले होते, आठवतंय? फोन तापायचे, बंद पडायचे, आणि ॲप इंग्रजीत. आठवी-दहावी शिकलेल्या बाईनं इंग्रजीत माहिती भरायची. तेही कुणाचं तरी सहा महिन्यांचंच काम असणार.

---

अतिशहाणा | १० डिसेंबर, सकाळी ९.४५

वाईट ॲप हा चांगल्या ॲपविरुद्धचा मुद्दा होत नाही, ताई.

---

थेम्सकाठी | १० डिसेंबर, दुपारी ४.१८

मी इंग्लंडमध्ये एका कौन्सिलच्या (म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकेच्या) मुलांच्या विभागात काम करते. इथं हा प्रयोग अगदी जोरात झालाय, म्हणून लिहिते.

२००० साली लंडनमध्ये व्हिक्टोरिया क्लिंबिए नावाची आठ वर्षांची मुलगी छळानं गेली. आयव्हरी कोस्टची. मावशीआजी शिकवते म्हणून घेऊन आली होती. चार कौन्सिलांचे समाजसेवा विभाग, दोन रुग्णालयं, पोलिसांची बालसंरक्षण पथकं, एवढ्यांना ती ठाऊक होती. चौकशी लॉर्ड लेमिंग यांनी केली. त्यांच्या २००३ च्या अहवालात लिहिलंय, की तिला वाचवण्याची संधी निदान बारा वेळा आली आणि गेली. त्यावरून २००४ चा कायदा आला. शिक्षण आणि मुलांची समाजसेवा एकाच संचालकाच्या हाताखाली, आरोग्य आणि पोलिसांवर सहकार्याचं कायदेशीर बंधन.

आता अतिशहाणा यांच्यासाठी: डेटाबेसही केला. कॉन्टॅक्टपॉइंट नाव. इंग्लंडमधल्या सगळ्या म्हणजे कोटीभर मुलांची नावं, आणि प्रत्येकापुढं त्याची शाळा कोणती, डॉक्टर कोण, कुणाकुणाचा संबंध येतो. २२ कोटी पौंडांच्या वर खर्च. सरकार बदललं आणि २०१० च्या ऑगस्टमध्ये बंद केला. खासगीपणावरून ओरड होतीच.

जे लोकांना खरोखर आवडलं ते वेगळंच होतं. शुअर स्टार्ट म्हणून १९९९ पासून गरीब वस्त्यांत केंद्रं निघाली. बाळाचं वजन करायला यायचं, तिथंच खेळगट, तिथंच सुईण, तिथंच नोकरीचा सल्ला देणारी बाई, आणि चहा. २०१० पर्यंत साडेतीन हजारांवर केंद्रं झाली होती. त्या केंद्रांजवळ वाढलेली मुलं पुढं इस्पितळात कमी दाखल झाली असं नंतरच्या अभ्यासांत दिसलं. तोवर पैसे कापून बरीच केंद्रं बंदही झाली होती.

---

अतिशहाणा | १० डिसेंबर, संध्याकाळी ६.०२

लंडनमधला खून आणि बीडचा ऊस यांचा संबंध कळला नाही. धागा भरकटतोय.

---

थेम्सकाठी | १० डिसेंबर, संध्याकाळी ६.४०

संबंध इतकाच, की त्या मुलीबद्दल माहिती कमी नव्हती. प्रत्येकाला वाटत होतं, दुसरा कुणीतरी बघतोय.

---

गोळ्या_औषधं | ११ डिसेंबर, रात्री १२.२७

शाळा-अंगणवाडी तपासणी पथकात डॉक्टर आहे (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, २०१३ च्या फेब्रुवारीत पालघरला सुरू झाला तो). दोन डॉक्टर, एक फार्मासिस्ट, एक सिस्टर आणि एक गाडी. अंगणवाडी वर्षातून दोनदा, शाळा एकदा. जन्मत: दोष, कमतरता, आजार, वाढीतला उशीर, ० ते १८ वयापर्यंत सगळं बघायचं.

खडूफळा सर, तुमच्या सुरेखाची गंमत सांगतो. गंमत कसली म्हणा. तिच्या गावी पथक डिसेंबरात गेलं तर ती तुमच्याकडं. तुमच्या गावी पथक जुलैत गेलं तर ती तिकडं. दोन्ही तालुक्यांचं उद्दिष्ट शंभर टक्के पूर्ण. तिला मात्र वर्षभरात कुणी स्टेथोस्कोप लावलेला नसतो. दौऱ्याचा आराखडा वर्षाच्या सुरुवातीला ठरतो आणि त्यात रस्त्याच्या सोयीने गावं लावतात, उसाच्या हंगामाने नाही.

गेल्या वर्षी मी साहेबांना विनवून कारखान्याच्या पट्ट्यातली गावं जानेवारीत घेतली. एक रुपयाही जास्त लागला नाही. कोप्यांवर गेलो. सहा वर्षांच्या एका पोराच्या छातीत आवाज लागला. हृदयाला छिद्र. शस्त्रक्रिया फुकट होते. पण चिठ्ठी दिली म्हणजे मूल पोचलं असं नसतं. बापानं एक दिवस खाडा केला तर मुकादम (टोळी आणणारा ठेकेदार) तो उचलीत, म्हणजे आगाऊ दिलेल्या पैशांत, धरतो. आमच्या चिठ्ठ्यांपैकी कोणती पोचते माहितीये? जिच्याबरोबर आशाताई स्वत: एसटीत बसते ती. बाकीच्या खिशात धुतल्या जातात.

---

आकडेमोड | ११ डिसेंबर, सकाळी १०.१०

"कुठं जुळलेलं पाहिलंय" याला एक उत्तर महाराष्ट्राच्या इतिहासातच आहे. कुपोषणाविरुद्धचं राजमाता जिजाऊ मिशन, २००५. मूळ मराठवाड्यातल्या मोहिमेत. अंगणवाडी आणि आरोग्य या दोन खात्यांचे अधिकारी एका टेबलाला बसवून एकाच यादीवर आढावा, आणि भर मुलाच्या पहिल्या हजार दिवसांवर (गर्भापासून दोन वर्षांपर्यंत). २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यात पाच वर्षांखालची ४६.३ टक्के मुलं खुजी होती. २०१५-१६ ला ३४.४. श्रेय एकट्या मिशनचं नाही, त्या दहा वर्षांत इतरही बरंच बदललं.

पण पुढचा आकडा बघा. २०१९-२१ ला ३५.२. गाडी थांबली. आणि उंचीच्या मानाने वजन कमी असलेली मुलं दोन्ही पाहण्यांत २५.६ टक्के, दशांशही हलला नाही. एकच यादी, एकच टेबल हे जोवर वरचा अधिकारी स्वत: लक्ष घालतो तोवर चालतं. त्याची बदली झाली की खाती आपापल्या खोल्यांत परत.

---

कोयता_नं_४ | ११ डिसेंबर, रात्री ११.३५

मी बीड जिल्ह्यातला. आई-बाप २२ हंगाम कोयत्यावर. मी आता पुण्यात बँकेत आहे. हा धागा तीनदा वाचला.

गुरुजी, तुम्ही मनापासून लिहिलंय, पण तुमचा प्रश्न मला उलटा वाटतो. तुम्ही विचारताय भावाला कुठं ठेवू म्हणजे सुरेखा शाळेत येईल. सुरेखा तुमच्या गावाला आलीच का, ते बघा.

आमच्या गावात हंगामी वसतिगृह असायचं. वसतिगृह म्हणजे इमारत नव्हे. पोरं रात्री आजी-आजोबांकडं नाहीतर चुलत्याकडं, आणि दोन्ही वेळचं जेवण शाळेत. मी त्यावरच चौथी ते सातवी काढली. आजी होती म्हणून. माझी थोरली बहीण मात्र दरवर्षी गेली. का? तर मी धाकटा होतो. आधी तिनं मधल्याला सांभाळलं, मग मी तीन वर्षांचा होईपर्यंत मला, मग चुलतीच्या पोरीला. वसतिगृह सहा वर्षांच्या पुढच्या पोराला ठेवून घेतं. दोन वर्षांचं पोर आईबरोबरच जाणार, अंगावर पितं. आणि त्या पोराला सांभाळायला आई कुणाला नेणार? हुशार असली तरी पोरीलाच.

म्हणजे सुरेखाचं नाव कापणारा तिचा भाऊ आहे, बिचारा. तुमच्या माळावर पाळणाघर असेल आणि ते आहे हे तिच्या आईला दसऱ्याच्या आधी, उचल घेतानाच कळलं, तर सुरेखा बीडलाच शाळेत राहील. तुमच्याकडं येणारच नाही. पाळणाघर एका खात्याचं, वसतिगृह दुसऱ्या खात्याचं, एक सांगलीत आणि एक बीडात. हे दोन कागद कुणी एकमेकांशेजारी ठेवून बघितलेत असं मला वाटत नाही.

बहीण पाचवीपर्यंतच शिकली. आता तिची दोन्ही पोरं माझ्याकडं आहेत.

---

रानमोगरी | ११ डिसेंबर, रात्री ११.५९

_/\_

---

खडूफळा | १२ डिसेंबर, सकाळी ६.१५

कोयता, रात्रभर तुमचाच प्रतिसाद डोक्यात होता. १७ वर्षं माळावर जातोय, पण "ही पोरगी आलीच का" असं कधी विचारलं नव्हतं. आपल्या वर्गाचा पट भरायचा एवढंच दिसतं माणसाला.

लिंबोणीताई, "सुटते" मागे घेतो.

---

वॉर्ड_क्र_३ | १२ डिसेंबर, दुपारी १.०३

ग्रामपंचायत सदस्य आहे (दुसऱ्या जिल्ह्यात, पण ऊसपट्टाच). दोन कामाच्या गोष्टी.

एक: ग्रामपंचायतीनं उत्पन्नाचा दहा टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्चायचा असतो. बहुतेक ठिकाणी त्यातून शिलाई मशीन आणि अंगणवाडीला खुर्च्या येतात. आमच्याकडं तीन वर्षं खुर्च्याच येतायत, पोरं कमी आणि खुर्च्या जास्त. त्याच पैशात बचतगटाच्या दोन बायका चार महिने पाळणाघर चालवू शकतात. ग्रामसभेचा ठराव घ्या, तारीख टाकून.

दोन: टोळी कुठली, किती कोयते, कुठं उतरणार हे कारखान्याला आधीच माहीत असतं. मुकादमाशी करार पावसाळ्यातच होतात. गट ऑफिसला जा, चिटबॉयला (कारखान्याचा फडावरचा कारकून) चहा पाजा, यादी मिळेल. यादीत पोरांची संख्या नसते, पण कोयते कळले की अंदाज येतो. तुमची खाती डिसेंबरात सर्वेक्षण करतात ती माहिती कारखान्याच्या वहीत ऑगस्टात असते.

---

चिमणीची_आई | १२ डिसेंबर, संध्याकाळी ५.४४

विषय थोडा वेगळा, पण शहरातही हेच. माझ्या मुलीला ऐकू कमी येतं. यंत्र एका ठिकाणी, दिव्यांग प्रमाणपत्र दुसरीकडं, शाळेतली विशेष शिक्षिका तिसरीकडं, आणि प्रत्येक ठिकाणी पहिल्यापासून गोष्ट सांगायची. जन्म कसा झाला इथपासून. शेवटी मी एक फाईलच केली, प्लॅस्टिकची, निळी. सगळ्या खात्यांना जोडणारा दुवा म्हणजे ती फाईल आणि मी. मला नोकरी सोडता आली म्हणून झालं.

---

अतिशहाणा | १२ डिसेंबर, रात्री ८.२०

मान्य करतो, कारखान्याच्या वहीचं मला सुचलं नसतं. पण ती यादी बीडच्या शाळांना कळवायला काहीतरी लागेलच ना. ॲप नको तर नको, एक्सेल तरी घ्या. करून देतो फुकट.

---

लिंबोणी | १२ डिसेंबर, रात्री ८.५१

एक्सेल चालेल. मराठीत करा.

---

खडूफळा | २ फेब्रुवारी, रात्री ९.०५

धागा वर काढतोय.

ग्रामसभेत ठराव आला. "बीडच्या पोरांवर गावचा पैसा का" असं एकानं विचारलं. ऊस कोण तोडतं, असं मागून एक म्हातारी म्हणाली. पुढचं सांगत नाही, पण ठराव झाला. शाळेची जुनी खोली पुसून घेतली. बचतगटाच्या दोघी, सकाळी आठ ते संध्याकाळी पाच. ६ जानेवारीपासून १४ पोरं. साड्यांच्या झोळ्या बांधल्यात. खिचडी अंगणवाडीच्या मदतनीसताईच रांधतात, डाळ-तांदूळ जास्तीचे आम्ही वर्गणीतून देतो. आशाताईंनी फोनवरून बीडकडच्या आशाताईंना गाठलं आणि कार्डाचा फोटो मागवला. दहा मिनिटांचं काम निघालं. दोन महिने आम्ही "कार्ड कुठाय" म्हणत बसलो होतो.

न जमलेलं: पहाटे चार ते आठ. त्या वेळेला बाया मिळत नाहीत आणि मागायला जीव होत नाही. अंधारात मोठी पोरं लहानांना सांभाळतात ते तसंच. अंगणवाडीच्या पटावर १४ पैकी नऊच चढली. तपासणी पथकाला पत्र दिलंय, उत्तर नाही.

सुरेखा रोज येते. गुणाकार तिला येतोच, तिकडच्या गुरुजींनी पक्का केलाय. मराठी वाचताना मात्र थांबते आणि खिडकीतून जुन्या खोलीकडं बघते.

---

गोळ्या_औषधं | २ फेब्रुवारी, रात्री ११.४०

पथकाच्या पत्राची एक प्रत थेट तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना द्या आणि त्यात पोरांची संख्या व "१५ मार्चपूर्वी" हे शब्द टाका. तारखेशिवायचं पत्र फायलीत झोपतं.

---

खडूफळा | ११ मार्च, सकाळी ७.३०

परवा रात्री टोळी गेली. कारखान्याचा पट्टा पडायला, म्हणजे हंगाम संपायला, अजून आठवडा आहे असं सगळे म्हणत होते, पण या भागातला ऊस संपला. सकाळी माळावर नुसती पाचट आणि चुलींचे दगड. पथक आदल्या शुक्रवारी येऊन गेलं होतं, तेवढं झालं.

अडचण अशी झालीये, की सुरेखाचं हमी पत्रक माझ्या कपाटात राहिलं. हजेरी भरून, शिक्का मारून सोमवारी देणार होतो. भावाच्या नव्या लसींचा कागदही त्यातच. बापाचा फोन बंद लागतोय. कोयता_नं_४, गावाचं नाव तुम्हाला व्यनि (खासगी निरोप) केलंय, जरा बघता का?

---

कोयता_नं_४ | ११ मार्च, सकाळी ९.१२

बघितलं. माझ्या मावशीच्या गावापासून सात किलोमीटर. पाडव्याला जाणारच आहे. कुरिअर करू नका, तिकडं बसस्टँडवरच पडून राहतं. शनिवारी सांगलीला कामाने येतोय, तुमच्याकडून घेतो. भावाचं माप किती होतं शेवटी? तिकडच्या अंगणवाडीत सांगायला.

---

खडूफळा | ११ मार्च, सकाळी ९.२०

१२.३. कागदाच्या मागं तारखेसह लिहून ठेवतो.

---

लिंबोणी | ११ मार्च, सकाळी ९.४१

१२.५ च्या खाली म्हणजे अजून पिवळ्यातच. तिकडच्या ताईंना म्हणावं, एप्रिलात परत पट्टी लावा.